सरासरी माणसाचा रक्तदाब

हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब, पंपाचा प्रवाह, सलाईन आणि औषधं ही सगळी त्या त्या रुग्णाप्रमाणे ठरवावीत, सगळ्यांना एकच आकडा लावू नये, असं म्हणणाऱ्या पेपर्सची गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीच भर पडली आहे. कल्पना अशी आहे की विरोध करायला तोंडच उघडत नाही. ४५ किलोच्या बाईला आणि ९० किलोच्या गड्याला एकच माप कसं चालेल? आणि नेमकं म्हणूनच हे पेपर जरा डोळे उघडे ठेवून वाचायला हवेत. जी गोष्ट आधीच पटलेली असते, तिचा पुरावा आपण फारसा तपासत नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षात असाल किंवा एमडीच्या थिसिससाठी विषय शोधत असाल, तर या विषयावरचे चार-पाच पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचा. संशोधनपद्धतीच्या अख्ख्या पुस्तकात मिळणार नाही एवढं त्यात मिळतं.

माझी मुख्य तक्रार आधीच सांगून टाकते. ‘वैयक्तिक’ हा शब्द या पेपर्समध्ये निदान दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक, प्रत्येकाचं लक्ष्यच वेगळं. दोन, लक्ष्य सगळ्यांचं एकच, पण तिथवर पोचायची वाट प्रत्येकाची वेगळी. पुराव्याच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि चर्चेत मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

आधी लक्ष्य वेगळं असावं असं वाटण्यामागचं कारण पाहू. शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण सगळ्यांनी एक आलेख काढलेला असतो: रक्तदाब साधारण ५० ते १५० मिमीच्या दरम्यान असेल तर मेंदूचा रक्तप्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. मधे सपाट पठार, दोन्ही टोकांना उतार-चढाव. या आलेखाचं मूळ डेन्मार्कच्या नील्स लासेन यांच्या १९५९ सालच्या लेखात. गंमत अशी की त्या आलेखावरचा एकेक ठिपका म्हणजे एकेका माणसाचा रक्तदाब वर-खाली करून घेतलेलं मोजमाप नव्हे. ते वेगवेगळ्या अभ्यासांतल्या वेगवेगळ्या रुग्णगटांच्या सरासऱ्यांचे ठिपके आहेत. गटागटांच्या सरासऱ्या जोडून रेघ काढली आणि पुढे पिढ्यानपिढ्या ती ‘माणसाच्या मेंदूची रेघ’ म्हणून शिकवली गेली. संख्याशास्त्रात याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात, म्हणजे गटांमधलं नातं व्यक्तीच्या आत तसंच असेल असं धरून चालणं. हार्ट-लंग मशीनवर ‘५० मिमीच्या वर आहे ना, मग ठीक’ असं जे वर्षानुवर्षं चाललं, त्याच्या मुळाशी हा आलेखही आहे.

मग २०१२ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटानं दोनशेहून अधिक रुग्णांत, पंपावर असताना, ही खालची मर्यादा प्रत्येकाची वेगळी मोजली. सरासरी आली ६६ मिमी. पण महत्त्वाचा आकडा तो नाही. ९५ टक्के प्रेडिक्शन इंटरव्हल होता ४३ ते ९०. (प्रेडिक्शन इंटरव्हल आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल यांतला फरक माहीत नसेल तर इथे थांबा आणि आधी तो बघून या. दुसरा सरासरीबद्दल बोलतो, पहिला पुढच्या येणाऱ्या रुग्णाबद्दल. इथे आपल्याला पुढच्या रुग्णाशी मतलब आहे.) कुणाचा मेंदू ४३ ला तग धरतो, कुणाचा ८५ लाच उपाशी राहायला लागतो, आणि बाहेरून दोघं सारखेच दिसतात! ‘प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं’ याच्या बाजूने इतका चांगला पुरावा दुसरा माझ्या वाचनात नाही.

तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा. ४३ ते ९० या पसाऱ्यातला किती भाग खरोखर माणसामाणसातला फरक आहे आणि किती मोजण्यातला गोंधळ? ही मर्यादा काढतात कशी ते बघा. कानाच्या वरच्या हाडावर डॉप्लर लावून मेंदूच्या मुख्य धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायचा, त्याचं रक्तदाबाशी क्षणोक्षणीचं कोरिलेशन काढायचं. शून्याच्या आसपास असेल तर मेंदू आपला प्रवाह सांभाळतोय. एककडे सरकला तर दाब पडेल तसा प्रवाह पडतोय. कोरिलेशन ०.४ च्या वर जिथे जातं, तो दाब म्हणजे मर्यादा. आता ०.४ च का? ०.३ किंवा ०.५ घेतला तर तोच रुग्ण दुसऱ्या आकड्यावर जाऊन बसतो. आणि पंपावरचा वेळ तास-दोन तासांचा. तेवढ्यात रक्तदाब ज्या ज्या पातळ्यांवर गेला, तेवढीच माहिती. एखाद्या रुग्णाचा दाब कधी ६० च्या खाली गेलाच नाही, तर त्याची मर्यादा ६० च्या खाली कुठे आहे हे कळणार कसं?

त्याच रुग्णावर, त्याच दिवशी, दोनदा मोजलं तर आकडा तोच येईल का, हे आधी दाखवावं लागतं. वजनकाट्यावर दोनदा उभं राहिल्यावर दहा किलोचा फरक येत असेल, तर त्या काट्यावरून प्रत्येकाचा वेगळा आहार ठरवणं म्हणजे काट्याच्या चुकीप्रमाणे आहार ठरवणं. ‘वैयक्तिक’ असं शीर्षकात लिहिलेला कुठलाही पेपर हातात आला की मी आधी पुनर्मापनाचा तक्ता शोधते.

याच गटानं पुढे ट्रायलही केली. नेहमीप्रमाणे दाब ठेवायचा, की रुग्णाच्या स्वतःच्या मर्यादेच्या वर ठेवायचा, अशी तुलना. २०१९ साली त्यातल्या १९९ रुग्णांचा पेपर आला: शस्त्रक्रियेनंतर डेलिरियम, म्हणजे भ्रमिष्टपणा, नेहमीच्या गटात ५३ टक्के आणि वैयक्तिक गटात ३८ टक्के. मोठा फरक. हा पेपर भरपूर चर्चिला गेला. पण तो एका मोठ्या ट्रायलच्या पोटातला अभ्यास होता. ती ४६० रुग्णांची पूर्ण ट्रायल २०२१ च्या सुमारास आली. तिचा मुख्य आउटकम होता पक्षाघात, एमआरआयवर नवे डाग आणि आकलनशक्तीतली घट यांचा एकत्रित निकष. त्यात फरक निघाला नाही. डेलिरियम मात्र तिथेही कमीच होतं.

आता याचा अर्थ काय लावायचा? ‘ट्रायल फसली’ म्हणणारे आहेत आणि ‘डेलिरियम तर कमी झालं ना’ म्हणणारेही आहेत. मला दोन्ही घाईचे वाटतात. ज्या यंत्रणेतून फायदा व्हायचा असं गृहीत धरलं होतं (मेंदूला रक्त कमी पडलं, पेशी मेल्या, डाग पडले), त्या यंत्रणेचा माग एमआरआयवर दिसायला हवा होता. तो दिसला नाही आणि तरी डेलिरियम कमी झालं असेल, तर एक तर फायदा दुसऱ्याच कुठल्या वाटेने होतोय, किंवा तो योगायोग आहे. दोन्ही शक्यता खुल्या आहेत. दुय्यम आउटकममधून नवी ट्रायल जन्माला यावी, नियमावली नव्हे.

इथे कोपनहेगनची २०१८ ची ट्रायल शेजारी ठेवून वाचायला हवी. १९७ रुग्ण, पंपावर असताना एका गटात दाब ४० ते ५० मिमी, दुसऱ्यात ७० ते ८०. शस्त्रक्रियेनंतर एमआरआयवर नवे डाग: कमी दाबाच्या गटात ५२.८ टक्के, जास्त दाबाच्या गटात ५५.७ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. (निम्म्याहून अधिक रुग्णांना मेंदूत नवे डाग पडतात, हा आकडा मात्र दोन्ही गटांत पोटात गोळा आणणारा आहे.) पण या ट्रायलमध्ये पंपाचा प्रवाह दोन्ही गटांत सारखाच, चौरस मीटरला मिनिटाला २.४ लिटर, ठेवला होता. दाब वाढवला तो रक्तवाहिन्या आकुंचन पावणाऱ्या औषधांनी. नळाला बोट लावून पाण्याची धार जोरात केली म्हणून बादली लवकर भरत नाही. याच रुग्णांच्या पुढच्या विश्लेषणात मेंदूतलं ऑक्सिजनचं प्रमाण जास्त दाबाच्या गटात उलट कमीच आढळलं.

मला हा पेपर आवडतो, कारण त्याचं उत्तर नकारार्थी असलं तरी प्रश्न स्वच्छ होता: फक्त दाब बदला, बाकी काही नाही. त्यातून कळतं की दाब आणि प्रवाह या दोन गोष्टी आहेत, आणि मॉनिटरवर दाब मोठ्या अक्षरात दिसतो म्हणून तो महत्त्वाचा ठरत नाही.

दुसरी परंपरा आहे ती प्रवाहाची. इटलीतल्या मार्को रानुच्ची यांच्या गटानं २००५ साली १,०४८ बायपास रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं की पंपावर असताना ऑक्सिजनचा पुरवठा चौरस मीटरला मिनिटाला २७२ मिलिलिटरच्या खाली गेला, तर नंतर किडनी निकामी होण्याशी त्याचा संबंध दिसतो. गणित सोपं आहे, हाताने करून बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १० असेल तर डेसिलिटरमागे १३.४, आणि रक्तात नुसता विरघळलेला साधारण पाऊण मिलिलिटर, मिळून १४.१५. गुणिले प्रवाह २.४, गुणिले १०: ३४०. छान. आता हिमोग्लोबिन ७ करा. ९.४ अधिक पाऊण, १०.१, गुणिले २४, म्हणजे २४३. नळी तीच, पंप तोच, दाबही कदाचित तोच, पण पुरवठा रेघेच्या खाली गेला. तो २८० वर आणायचा तर प्रवाह २.८ च्या आसपास न्यावा लागेल, किंवा रक्त द्यावं लागेल.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. पंपाच्या नळ्यांमध्ये सुरुवातीला समजा १.२ लिटर द्रव भरलेला असतो. तो रुग्णाच्या रक्तात मिसळतो. ८० किलोच्या, १४ हिमोग्लोबिनच्या पुरुषाचं रक्त साधारण साडेपाच लिटर धरलं तर त्याचं हिमोग्लोबिन साडेअकराच्या आसपास येऊन थांबतं. ४५ किलोच्या, १० हिमोग्लोबिनच्या बाईचं रक्तच तीन लिटरच्या आत. ती थेट ७ वर येते. आपल्याकडे संधिवाती तापाने झडपा खराब झालेल्या तरुण बाया हृदयशस्त्रक्रियेला येतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. म्हणजे युरोपातल्या ट्रायलमध्ये जो रुग्ण काठावरचा असतो, तो आपल्या यादीत रोजचा असू शकतो. वैयक्तिक व्यवस्थापनाचा कुणाला खरोखर उपयोग होणार असेल तर तो या बाईला.

मग पुरावा कसा आहे? त्याच गटानं पुढे नऊ केंद्रांवर ३५० रुग्णांची ट्रायल केली, २०१८ साली छापली. एका गटात पुरवठा २८० च्या वर ठेवायचा, दुसऱ्यात नेहमीप्रमाणे शरीराचं क्षेत्रफळ आणि तापमान पाहून प्रवाह ठरवायचा. किडनीच्या इजेचा पहिला, म्हणजे सौम्य टप्पा जवळपास निम्म्याने कमी झाला: रिलेटिव्ह रिस्क ०.४५, इंटरव्हल ०.२५ ते ०.८३. सारांशातली ही ओळ सगळ्यांच्या लक्षात राहते. पुढची ओळ राहत नाही: दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची, म्हणजे ज्याने रुग्णाचं खरंच काही बिघडतं अशी इजा, तिचा रिलेटिव्ह रिस्क १.६६, इंटरव्हल ०.४६ ते ६.०. म्हणजे निम्म्यावर येण्यापासून सहापट होण्यापर्यंत काहीही असू शकतं. ट्रायल त्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पहिला टप्पा म्हणजे काय तेही बघा. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं तरी पुरे. पण क्रिएटिनिन हे प्रमाण आहे. अंगात पाणी जास्त साचलं तर किडनी तशीच असूनही आकडा खाली दिसतो. मग दोन गटांना शस्त्रक्रियेत आणि नंतर एकूण किती द्रव दिला गेला, हा तक्ता शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि मूळ मुद्दा: २८० हा आकडा तर सगळ्यांना सारखाच! इथे लक्ष्य वैयक्तिक नाहीच. वाट वैयक्तिक आहे. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट असा नियम पाळायला सोपा आणि तपासायलाही सोपा. पण मग त्याला नियमच म्हणावं. शिवाय २७२ हा आकडा जुन्या नोंदींतून, ‘इथे रेघ मारली तर सगळ्यात चांगलं विभाजन होतं’ अशा पद्धतीने आला. निसर्ग २७१ ला दरवाजा बंद करत नाही. आणि पुरवठ्याच्या सूत्रात हिमोग्लोबिन बसलेलं आहे, तेव्हा ज्यांचा पुरवठा कमी होता ते बरेचदा आधीच अशक्त, आजारी असणार. किडनी पुरवठ्याने गेली की आधीच्या दुखण्याने, हे निरीक्षणातून सुटं करता येत नाही. प्रवाह वाढवून ते सुटं करायचा प्रयत्न ट्रायलने केला, हे तिचं खरं श्रेय.

आता ज्या पेपरचं नाव प्रत्येक सेमिनारमध्ये निघतं त्याकडे येते. हॅम्बुर्गच्या गटाचा २०१३ चा पेपर, १०० रुग्ण. यातली कल्पना मला खरंच सुंदर वाटते: प्रत्येक रुग्णासाठी हृदयात किती रक्त भरलेलं असताना तो सर्वोत्तम चालतो ते मोजायचं, आणि तोच त्याचा स्वतःचा मापदंड धरून पुढे सलाईन द्यायची. रुग्ण स्वतःच स्वतःचा संदर्भ. शब्दाच्या खऱ्या अर्थाने वैयक्तिक. निकाल: गुंतागुंती ४० विरुद्ध ६३, आयसीयूतला मुक्काम ४२ ± १९ तास विरुद्ध ६२ ± ५८ तास.

पेन्सिल घ्या. एका गटात ५० च्या आसपास माणसं, मग ६३ गुंतागुंती कशा? म्हणजे हे आकडे घटनांचे आहेत, रुग्णांचे नाहीत. एकाच रुग्णाला आधी फुफ्फुसाचा त्रास, मग किडनीचा, मग हृदयाची लय बिघडली, तर ते तीन. एखाद-दोन दुर्दैवी रुग्ण कुठल्या गटात पडले यावर सगळी तुलना डुलू शकते. किती रुग्णांना निदान एक गुंतागुंत झाली, हा प्रश्न वेगळा आणि जास्त उपयोगी. दुसरं, ६२ ± ५८. हे जर घंटेच्या आकाराचं वितरण मानलं, तर दर सातांतल्या एका रुग्णाने आयसीयूत उणे वेळ काढला असं निघेल. म्हणजे वितरण एका बाजूला लांब शेपटीचं आहे, आणि वीस तासांचा फरक त्या शेपटीतल्या मोजक्या लोकांमुळेही असू शकतो. मीडियन मागा.

याहून मोठी अडचण तुलनेतल्या दुसऱ्या बाजूची आहे. कंट्रोल ग्रुपमध्ये उपचार धमनीदाब आणि सेंट्रल व्हीनस प्रेशर पाहून होत होते. आता सेंट्रल व्हीनस प्रेशरवरून सलाईनला प्रतिसाद मिळेल का हे सांगता येत नाही, हे त्याआधीच बऱ्यापैकी मान्य झालेलं होतं. तेव्हा वैयक्तिक पद्धत जिंकली ती कुणाशी? शिवाय ज्या रुग्णाजवळ नवं यंत्र आणि लेखी प्रोटोकॉल आहे, त्याच्याकडे कुणी तरी दर थोड्या वेळाने बघतं, निर्णय घेतं, लिहून ठेवतं. दुसऱ्याकडे नेहमीसारखं बघतात. फायदा आकड्याचा की लक्ष देण्याचा? हे वेगळं करायला तिसरा गट लागतो: तितकंच लक्ष, तितकाच काटेकोर प्रोटोकॉल, पण लक्ष्य सगळ्यांना एकच. हा तिसरा गट या पेपर्समध्ये मला जवळपास कधीच भेटत नाही. त्याने ट्रायल मोठी आणि महाग होते हे कळतं. पण तोवर ‘वैयक्तिक केल्यामुळे फायदा झाला’ हे वाक्य लिहायचा हक्क मिळत नाही. ‘काळजीपूर्वक केल्यामुळे’ एवढंच लिहिता येतं.

लहान ट्रायलच्या निकालांचं मोठ्या ट्रायलमध्ये काय होतं, याचा अनुभव शेजारच्या घरात आहे. पोटाच्या शस्त्रक्रियांत हृदयाचा प्रवाह मोजून उपचार करण्याची ब्रिटनमधली ७३४ रुग्णांची ट्रायल २०१४ साली आली: गुंतागुंती ३६.६ विरुद्ध ४३.४ टक्के, काठावर हुकलेली. सगळे म्हणाले, मोठी करा, सिद्ध होईल. दहा वर्षांनी सुमारे अडीच हजार रुग्णांवर, यावेळी संसर्ग हा मुख्य आउटकम धरून, केली तेव्हा आकडे आले २३.२ आणि २२.७ टक्के. हृदयशस्त्रक्रियेतही लेव्होसिमेंडान या औषधाचं हेच झालं. छोट्या अभ्यासांनी आशा लावली आणि २०१७ च्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये दोन्ही गट बरोबरीत सुटले.

काही जण विचारतात की मग या विषयावर काम करावं की नाही. जरूर करावं, पण आयात सेन्सर आणि शंभर रुग्ण घेऊन हॅम्बुर्गची आवृत्ती काढू नये. ते सेन्सर एकदा वापरून फेकायचे असतात आणि सार्वजनिक रुग्णालयात थिसिस संपला की ते खर्चही संपतात. त्यापेक्षा परफ्युजनिस्टच्या नोंदवहीकडे जा. प्रवाह, हिमोग्लोबिन, तापमान, दाब, सगळं तिथे वेळेसकट आहे. त्यावरून प्रत्येक रुग्णाचा पुरवठा किती मिनिटं २८० च्या खाली होता आणि किती खोल गेला, हे काढता येतं. सगळ्यात कमी आकडा कुठला होता यापेक्षा हे कितीतरी बोलकं. थंड केलेल्या रुग्णांची ऑक्सिजनची गरज कमी असते, तेव्हा त्यांना वेगळं धरा. मग वजन ५० च्या आतल्या आणि हिमोग्लोबिन ११ च्या आतल्या रुग्णांत एकच तुलना करता येईल: नळ्यांतला द्रव रुग्णाच्याच रक्ताने मागे सारून पंप सुरू करायचा, किंवा नेहमीसारखा. पहिल्या पद्धतीला नवं यंत्र लागत नाही, काही मिनिटांचं जास्तीचं काम लागतं, आणि त्या ४५ किलोच्या बाईचं हिमोग्लोबिन ७ ऐवजी ८ वर थांबलं तर प्रवाह न वाढवताही तिचा पुरवठा २४३ वरून २७५ वर जातो.